धूमकेतूवरचा खड्डा इतका पुसट का दिसतो?

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भातील अनेक गावांमधून लोकांनी आकाशात जळत जाणारे गोळे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे येऊन पडले आणि ते पृथ्वीकडे परत कोसळलेल्या रॉकेटचा भाग असल्याचे नंतर अभ्यासकांनी सांगितले. त्या रात्री मात्र आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या गावापर्यंत एकच शब्द पोहोचला होता, तो म्हणजे शेंडेनक्षत्र. धूमकेतूला जुनी माणसे याच नावाने ओळखतात. ते शेंडेनक्षत्र नव्हते हे ओळखायला एक खूण पुरेशी होती: धूमकेतू डोळ्यांदेखत आकाश ओलांडून पळत नाही. तो रात्रीमागून रात्री, कधी आठवडेच्या आठवडे, ताऱ्यांमधून अगदी हळू सरकताना दिसतो.

त्यानंतर मुलांनी धूमकेतूंविषयी इतके विचारले की आम्ही शाळेच्या भिंतीवर एका धूमकेतूची दोन चित्रे शेजारी-शेजारी लावली. पहिले २००५ सालचे होते, दुसरे २०११ सालचे. मधल्या काळात माणसाने त्या धूमकेतूवर मुद्दाम एक खड्डा पाडला होता आणि दुसऱ्या चित्रात तो खड्डा दाखवणारा बाण काढलेला होता. नातीला न्यायला आलेल्या एका आजोबांनी, ज्यांचे अर्धे आयुष्य विहिरी खोदण्यात गेले आहे, चष्मा वर करून ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "सर, याच्यात खड्डा हाये कुठी?"

त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. बाण नसता तर तो खड्डा मलाही सापडला नसता. ज्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी सहा वर्षे वाट पाहिली, त्यांनाही चित्रे आल्यावर तो शोधावा लागला. परंतु खड्डा चटकन न दिसणे हे त्या मोहिमेचे अपयश नाही. मोहिमेला मिळालेले सर्वांत महत्त्वाचे उत्तर त्या पुसटपणातच आहे. ते कसे, हे मी येथे पायरीपायरीने मांडतो.

आधी धूमकेतू म्हणजे काय ते पाहू

आकाशात दिसतो तो धूमकेतूचा पिसारा, म्हणजे लाखो किलोमीटर पसरलेला वायू आणि धूळ. हे सगळे ज्यातून निघते ती मूळ वस्तू फार लहान असते. तिला गाभा म्हणतात. गाभ्यात गोठलेले पाणी, इतर गोठलेले वायू, खडकाची बारीक पूड आणि काळपट सेंद्रिय पदार्थ एकत्र असतात. सूर्याजवळ आल्यावर त्यातला बर्फ वितळून पाणी होत नाही, त्याची थेट वाफ होते. देव्हाऱ्यात उघडी ठेवलेली कापराची वडी ओली न होता दिवसेंदिवस झिजत जाते, तसेच हे घडते. या क्रियेला संप्लवन म्हणतात. निघून जाणारी वाफ आपल्याबरोबर धूळ उडवते आणि त्या धुळीवर ऊन पडले की आपल्याला पिसारा दिसतो.

आपल्या गोष्टीतील धूमकेतूचे नाव टेंपल-१ असे आहे. विल्हेल्म टेंपल या निरीक्षकाने तो १८६७ साली फ्रान्समधील मार्सेल येथून शोधला. त्याचा गाभा साधारण साडेसात किलोमीटर लांब आणि पाच किलोमीटर रुंद आहे. म्हणजे तो आपल्याकडच्या एखाद-दुसऱ्या गावाच्या शिवारात मावेल. शोध मोहिमांच्या काळात तो सुमारे साडेपाच वर्षांत सूर्याभोवती एक फेरी पूर्ण करत होता. बर्फ म्हटल्यावर पांढरेशुभ्र काहीतरी डोळ्यांसमोर येते, पण हा गाभा तव्याच्या बुडाला धरलेल्या काजळीसारखा काळा आहे. त्याच्यावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे चार टक्केच परत फिरतो. चित्रे काळपट आणि करडी दिसण्याचे पहिले कारण येथेच सापडते: ज्याचे चित्र काढायचे, ती वस्तूच तशी आहे.

मुद्दाम खड्डा पाडण्याचे कारण

विहीर खोदणाऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वरून पाहणाऱ्याला जमिनीवर फक्त काळी माती दिसते. दोन-चार पुरुष खोलीवर मुरूम आहे, त्याखाली काळा पाषाण आहे की झरा आहे, हे खोदल्याशिवाय कळत नाही आणि खोदताना माती कशी निघते, काठ उभा राहतो की ढासळतो, यावरून जाणकार माणूस पुढचा अंदाज बांधतो.

धूमकेतूचे कोडे असेच आहे. सूर्यमाला सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी तयार झाली, तेव्हाचे साहित्य धूमकेतूंच्या पोटात थंड राहून टिकले असावे, असे मानले जाते. पृष्ठभागाला मात्र वारंवार ऊन लागलेले असते, त्यामुळे वरचा थर बदललेला असणार. आत पाहायचे तर तो थर फोडायला हवा. त्यासाठी अमेरिकेच्या नासा या संस्थेने जानेवारी २००५ मध्ये डीप इम्पॅक्ट हे यान पाठवले. त्याचे शास्त्रीय नेतृत्व मेरीलँड विद्यापीठाचे मायकेल अहर्न यांच्याकडे होते. यानाचे दोन भाग होते: एक धडकणारा आणि दुसरा दुरून पाहत पुढे निघून जाणारा.

धडकणारा भाग आपल्याकडे उन्हाळ्यात लागणाऱ्या मोठ्या कूलरएवढा होता आणि त्याचे वजन सुमारे ३७० किलो, म्हणजे एखाद्या जोमदार बैलाइतके होते. त्यात तांब्याचे प्रमाण मोठे होते. तांबेच निवडण्यामागे चांगला विचार होता. धडकेनंतर उडालेल्या वाफेच्या प्रकाशावरून तिच्यात कोणते पदार्थ आहेत ते ओळखायचे होते, आणि धूमकेतूत तांबे जवळजवळ नसल्याने आपण टाकलेले कोणते व तिथले कोणते, याची गल्लत होणार नव्हती.

त्यात दारूगोळा अजिबात नव्हता, हे अनेकांना खरे वाटत नाही. सुरुंगाशिवाय पाषाण फुटत नाही, हा आपला अनुभव आहे. परंतु धडकेचा वेग सेकंदाला सुमारे १०.३ किलोमीटर होता आणि एवढ्या वेगात प्रत्येक किलोमध्ये जी ऊर्जा असते ती तितक्याच वजनाच्या टीएनटी स्फोटकाच्या साधारण बारापट भरते. त्यात स्फोटके भरली असती तरी फारसा फरक पडला नसता.

पहिल्या खेपेला खड्डा दिसलाच नाही

४ जुलै २००५ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी साडेअकराच्या थोडे आधी धडक झाल्याचे पृथ्वीवर कळले. आपल्याकडे तेव्हा सोयाबीन आणि पऱ्हाटीच्या पेरणीची धांदल चालू होती. धूमकेतू सुमारे १३ कोटी ३० लाख किलोमीटर दूर होता. प्रकाशाच्या वेगाने जाणाऱ्या संदेशालाही तिथे पोहोचायला सात मिनिटांहून अधिक वेळ लागत असल्याने पृथ्वीवरून सुकाणू धरणे शक्य नव्हते. शेवटचे दोन तास त्या भागाने स्वतःच चित्रे काढून, स्वतःच मार्ग दुरुस्त करून नेम साधला. त्याचे शेवटचे चित्र धडकेच्या चार सेकंदांहूनही कमी वेळ आधीचे आहे.

धडक होताच धुळीचा प्रचंड लोट उठला. मागे राहिलेल्या यानाजवळ पाहण्यासाठी साधारण तेरा मिनिटे होती, त्यानंतर त्याला धुळीच्या कणांपासून स्वतःचा बचाव करत जवळून निघून जायचे होते. त्या तेरा मिनिटांत धूळ विरली नाही. चैत्र-वैशाखात पांदणीच्या फुफाट्यातून ट्रॅक्टर गेल्यावर मागचे काही दिसत नाही, तशीच गत झाली. उडालेली धूळ टाल्कम पावडरसारखी बारीक होती आणि ती इतकी दाट होती की तिच्या आडचा खड्डा एकाही चित्रात आला नाही. त्यात यानावरच्या सर्वांत ताकदवान कॅमेऱ्याची चित्रे मुळातच किंचित धूसर येत होती आणि ती नंतर संगणकावर गणिताने सुधारावी लागली.

पण धुळीनेही काही सांगितले. तिचा शंकू बराच वेळ जमिनीला चिकटून राहिला. कठीण खडक फुटला असता तर उडालेला माल तुटून वर निघून गेला असता. खालची जमीन फार कमकुवत असल्याचा हा पहिला इशारा होता. मात्र खड्डा पाहिल्याशिवाय त्यावर शिक्कामोर्तब करता येत नव्हते. धडकेपूर्वीचे अंदाजही घराएवढ्या खड्ड्यापासून क्रीडासंकुलाएवढ्या खड्ड्यापर्यंत पसरलेले होते.

दुसरे यान आणि त्याची ओझरती भेट

स्टारडस्ट नावाचे दुसरे यान १९९९ साली वेगळ्याच कामासाठी निघाले होते. त्याने जानेवारी २००४ मध्ये विल्ट-२ या धूमकेतूची धूळ गोळा केली आणि २००६ मध्ये ती बंद कुपीतून पृथ्वीवर उतरवली. काम संपले तरी टाकीत थोडे इंधन शिल्लक होते. त्या इंधनावर यानाला टेंपल-१ कडे वळवण्याचे ठरले आणि कॉर्नेल विद्यापीठाचे जोसेफ व्हेवर्का यांच्या नेतृत्वाखाली ही मोहीम पार पडली. एकदा भेटलेल्या धूमकेतूला त्याच्या सूर्याभोवतीच्या पुढच्या फेरीत पुन्हा गाठण्याची ही पहिलीच वेळ होती.

येथे हमखास विचारले जाते की, एवढे दूर गेलेले यान तिथे थांबले का नाही? मेल गाडी लहान स्टेशनावर न थांबता धडधडत निघून जाते आणि खिडकीतून फलाटावरचे दृश्य क्षणभर दिसते, तसे यान वस्तूच्या जवळून जाता-जाता चित्रे काढते. याला फ्लायबाय म्हणतात, मी त्याला ओझरती भेट म्हणेन. थांबायचे म्हणजे ब्रेक लावावा लागतो आणि अवकाशात ब्रेक म्हणजे उलट दिशेला जाळलेले इंधन. स्टारडस्टचा धूमकेतूच्या तुलनेतील वेग सेकंदाला १०.९ किलोमीटर होता. त्या वेगाने नागपूरहून अमरावतीला पंधरा सेकंदांच्या आत पोहोचता येईल. एवढा वेग मारून थांबण्याइतके इंधन त्या लहानशा यानात कधीच मावले नसते. १५ फेब्रुवारी २०११ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी दहाच्या सुमारास, ते गाभ्यापासून साधारण १८० किलोमीटरवरून गेले आणि त्याने ७२ चित्रे काढली.

नेमकी तीच बाजू समोर येईल, हे कसे साधले?

ही बाब मला सर्वांत अवघड वाटते आणि तिच्याविषयी फार कमी बोलले जाते. टेंपल-१ स्वतःभोवती फिरतो, त्याची एक फेरी सुमारे ४१ तासांची आहे. यान पोहोचेल तेव्हा खड्ड्याची बाजू पलीकडे असेल, किंवा अलीकडे असूनही अंधारात असेल, तर सगळा प्रवास वाया गेला असता. घड्याळ लावून हिशेब करावा, तर हे घड्याळही स्थिर नाही. सूर्याजवळ आल्यावर गाभ्यातून निघणारे वायूचे झोत त्याला ढकलतात आणि फिरण्याचा वेग थोडा बदलतात. दिवाळीत भुईचक्र आपल्याच झोताने गरगरते, तोच हा प्रकार, फक्त अतिशय मंद. सहा वर्षांत अशा लहान-लहान बदलांची बेरीज होत गेली होती.

दुर्बिणींतून धूमकेतूचे कमी-जास्त होणारे तेज वर्षानुवर्षे मोजून तज्ज्ञांनी अंदाज बांधला आणि भेटीच्या एक वर्ष आधी, १७ फेब्रुवारी २०१० रोजी, यानाचे इंजिन चालवून पोहोचण्याची वेळ सुमारे आठ तास वीस मिनिटांनी पुढे ढकलली. इतक्या आधी करण्याचे कारण असे की, वर्षभर आधी दिलेला लहानसा धक्का स्वस्तात पडतो आणि ऐनवेळी तेवढाच बदल करायला टाकीतले इंधन पुरले नसते. अंदाज बरोबर ठरला आणि खड्ड्याची जागा उन्हात, कॅमेऱ्यासमोर आली.

अर्धा एकर की सव्वाचार एकर?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळतो. कॅमेऱ्याचे चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. या भेटीतील सर्वांत जवळच्या चित्रांत एक ठिपका जमिनीवरच्या साधारण १२ मीटर जागेएवढा होता. आपल्याकडच्या दोन घरांसह मधले अंगण त्या एका ठिपक्यात गडप होईल. एवढ्या जागेचा सरासरी उजेड-अंधार एकाच करड्या रंगात येतो, आतला तपशील येत नाही.

समजा खड्डा ५० मीटर रुंद आहे. मग त्याच्या वाट्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत चार ठिपके येतात. चार ओळींत चार-चार ठिपक्यांच्या रांगोळीत मोर काढता येत नाही, तसेच चार ठिपक्यांत खड्ड्याचा काठ, उतार आणि तळ वेगवेगळा दाखवता येत नाही. म्हणूनच या खड्ड्याच्या आकाराबाबत मतभेद झाले. चित्रे आल्यावर ब्राउन विद्यापीठाचे पीट शुल्ट्झ यांनी सुमारे १५० मीटर रुंदीचा, मध्यभागी लहानसा उंचवटा असलेला खड्डा दिसत असल्याचे सांगितले. पुढच्या दोन वर्षांत चित्रांचा आणि उडालेल्या धुळीचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा मुख्य खळगा ५० मीटरच्या आसपासचाच असून त्याच्याभोवती बराच रुंद, उथळ, विस्कटलेला भाग असावा, असे वाचन पुढे आले.

शेतीच्या मापात बोलायचे तर पहिला आकडा सव्वाचार एकरांहून थोडा मोठा आणि दुसरा जेमतेम अर्ध्या एकराचा. एकाच चित्रातून इतके वेगळे आकडे निघतात याचा अर्थ शास्त्रज्ञ मनाला येईल ते सांगतात, असा होत नाही. काठ कोठे संपला हे ठरवण्याचा हा वाद आहे. नांगरलेल्या शेतात धुरा मोडलेला असेल तर एकाचे शेत कोठे संपते यावर दोन प्रामाणिक शेजाऱ्यांचेही एकमत होत नाही, हे आपण जाणतोच. येथे तो धुरा सुरुवातीपासूनच कच्चा होता.

पुसटपणातून काय कळले

या भागातल्या वाचकांनी लोणारचे सरोवर पाहिलेले असते. सुमारे १.८ किलोमीटर रुंद आणि साधारण दीडशे मीटर खोल असलेला हा खड्डा अवकाशातून आलेल्या वस्तूच्या धडकेने तयार झाला. त्याच्या खडकात मास्केलिनाइट नावाचा काचेसारखा पदार्थ सापडतो आणि तो प्रचंड आघाताच्या दाबाखालीच बनतो. लोणारच्या वयाचे अंदाजही वेगवेगळे आहेत. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर दुसऱ्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. यातला कोणताही आकडा घेतला तरी एवढ्या पावसाळ्यांनंतर तो काठ अजून उभा आहे, कडा स्पष्ट आहे आणि माथ्यावर उभे राहिले की खाली वाटीसारखा आकार दिसतो. याचे श्रेय खालच्या काळ्या पाषाणाला आहे, ज्याला भूवैज्ञानिक बेसाल्ट म्हणतात. त्याने आघाताचा ठसा धरून ठेवला.

टेंपल-१ वरचा खड्डा सहाच वर्षांचा होता, तिथे पाऊस नाही, वारा नाही, नांगर नाही, तरी तो ओळखू येईना. लोणारची धडक कितीतरी मोठी होती, मग तुलना कशी करायची, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबरच आहे. दोन्ही खड्ड्यांच्या आकाराची तुलना येथे करायची नाहीच. काठाची ठेवण मात्र ताडून पाहता येते. वाळलेल्या काळ्या जमिनीत उमटलेला बैलाचा खूर पुढच्या पावसापर्यंत तसाच राहतो. तोच खूर फुफाट्यात पडला तर पाय उचलताच बाजूची धूळ आत घसरते आणि उरते ती एक उथळ खळी. टेंपल-१ वरची जमीन दुसऱ्या प्रकारची निघाली.

तिथल्या गुरुत्वाकर्षणाचाही यात वाटा आहे. ते इतके क्षीण आहे की खांद्याएवढ्या उंचीवरून सोडलेला खडा खाली टेकायला सुमारे दीड मिनिट घेईल. तिथून कायमचे निसटण्यासाठी लागणारा वेग सेकंदाला मीटर-सव्वा मीटर, म्हणजे धुऱ्याने चालत जाणाऱ्या माणसाइतकाच आहे. धडकेने उडालेल्या धुळीतली जी याहून वेगात होती ती अवकाशात निघून गेली. जी हळू होती ती सावकाश वर चढली, तरंगत राहिली आणि परत खाली बसली. काही तर जिथून उडाली होती तिथेच, खड्ड्याच्या पोटात पडली. मध्यभागी दिसलेल्या उंचवट्याचा अर्थ असाच लावला गेला. म्हणजे खड्डा पडला आणि त्याच्याच मालाने तो काही अंशी बुजलाही.

या सगळ्यावरून गाभ्याचे जे रूप उभे राहते ते असे: पाण्याच्या निम्म्याच्या आसपास घनता, आत भरपूर पोकळी, आणि हातात घेतल्यास चुलीतल्या थंड राखेसारखी भुगा होणारी वरची जमीन. धूमकेतू म्हणजे बर्फाचा टणक गोळा, असे आपल्यापैकी अनेक जण पूर्वी शिकलो आहोत. तो शब्द आता जपून वापरला पाहिजे.

ही चित्रे संगणकावर बनवलेली नाहीत कशावरून?

मोबाईलवर रोज बनावट चित्रे येत असताना ही शंका घेणे योग्यच आहे. तिचे उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. शेताच्या हद्दीचा वाद झाला की मोजणीदार आधी जुन्या नकाशातले कायमचे दगड शोधतो आणि नवे माप त्यांच्याशी जुळवून पाहतो. येथे कायमच्या दगडांचे काम केले ते धडकेच्या जागेजवळच्या, सुमारे तीनशे मीटर रुंदीच्या दोन जुन्या गोल खळग्यांनी. धडकणाऱ्या भागाने जाता-जाता काढलेल्या २००५ च्या चित्रांत ते दोन्ही दिसतात. सहा वर्षांनी, वेगळ्या यानावरच्या वेगळ्या कॅमेऱ्याने, वेगळ्या कोनातून काढलेल्या चित्रांतही ते त्याच अंतरावर सापडले. त्यांच्या आधाराने धडकेची जागा ठरली आणि तिथेच २००५ मध्ये नसलेली एक खळी आढळली. जुने चित्र जवळ नसते तर या खळीला नवा खड्डा म्हणण्याचे धाडस कोणी केले नसते. दोन चित्रे शेजारी-शेजारी लावण्याचा आमचा आग्रह त्यासाठीच होता.

सरकलेला काठ

या दोन चित्रांच्या तुलनेत आणखी एक गोष्ट दिसली आणि माझ्या मते ती खड्ड्याइतकीच मोलाची आहे. टेंपल-१ वर एक गुळगुळीत पट्टा आहे, जणू काही आतून भुकटी वाहत येऊन पसरली आणि थांबली. त्याच्या कडेला लहानशा कड्यासारखा उतार आहे. २००५ आणि २०११ यांच्या दरम्यान हा उतार काही ठिकाणी २० ते ३० मीटर मागे गेलेला आढळला.

पुराच्या पाण्याने नाल्याचा काठ दरवर्षी थोडा-थोडा कापला जातो आणि काठावरच्या शेतकऱ्याच्या शेताची हद्द आत सरकते, तसे हे आहे. येथे कापण्याचे काम पाण्याने केलेले नाही. उताराच्या उघड्या पडलेल्या बाजूला ऊन लागते, तिथल्या बर्फाचे संप्लवन होते, आधार गेलेली धूळ घसरते आणि मागचा नवा बर्फ उघडा पडतो. सूर्याभोवतीच्या एकाच फेरीत झालेला हा बदल होता. धूमकेतू झिजतो हे पूर्वीपासून ठाऊक होते, पण तो सगळीकडून सारखा झिजत नाही, काठाकाठाने खाल्ला जातो, हे त्या दिवशी जागेवर दिसले.

धक्का मारल्यामुळे धूमकेतू पृथ्वीकडे वळला असता तर?

ही भीती मी अनेकांकडून ऐकली आहे. गाभ्याचे वजन अब्जावधी टनांत आहे. त्यापुढे ३७० किलोची धडक म्हणजे औत ओढणाऱ्या बैलाच्या शिंगावर माशी बसण्यासारखे आहे. शिवाय टेंपल-१ सूर्याच्या सर्वांत जवळ येई तेव्हाही तो पृथ्वीच्या कक्षेच्या बाहेर, पृथ्वी-सूर्य अंतराच्या दीडपट अंतरावरच असे. त्याची वाट आपल्या वाटेला छेदत नव्हती आणि म्हणूनच या प्रयोगासाठी तो सुरक्षित होता.

खर्चाचा प्रश्नही नेहमी येतो आणि कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या गावात तो येणे स्वाभाविक आहे. डीप इम्पॅक्टवर सुमारे ३३ कोटी डॉलर खर्च झाले. जुन्या यानालाच पुन्हा कामाला लावल्यामुळे दुसऱ्या भेटीला त्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी, सुमारे २.९ कोटी डॉलर लागले. त्या मोबदल्यात काय मिळाले, याचे एक उत्तर १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातील चेल्याबिन्स्कवरच्या आकाशात मिळाले. सुमारे वीस मीटरचा एक दगड हवेत फुटला आणि खिडक्यांच्या काचा फुटून दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली. असा किंवा याहून मोठा दगड आपल्या दिशेने येताना वेळेत दिसला तर त्याला ढकलून वाट बदलायची, हा सर्वांत व्यवहार्य उपाय मानला जातो. पण ढकलायचे कसे हे त्याच्या जमिनीवर अवलंबून आहे. टणक पाषाण, सैल दगडांचा ढीग आणि भुसभुशीत राख यांना एकच धक्का दिला तरी परिणाम तीन प्रकारचे होतात, कारण उलट दिशेला उडणारा मालही वस्तूला ढकलतो.

याची पहिली खरी परीक्षा सप्टेंबर २०२२ मध्ये झाली. नासाचे डार्ट हे यान डिमॉर्फोस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर आदळवण्यात आले. हा लघुग्रह डिडिमॉस नावाच्या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. पूर्वी त्याच्या फेरीला ११ तास ५५ मिनिटे लागत असत, ती धडकेनंतर सुमारे ३३ मिनिटांनी कमी झाली. इतका मोठा फरक पडला, त्यात उडालेल्या मालाचा वाटा मोठा होता.

आता तिथेही दुसरी भेट व्हायची आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे हेरा हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले आणि २०२६ च्या अखेरीस ते डिडिमॉसजवळ पोहोचावे, अशी योजना आहे. ही भेट ओझरती नसेल. हेरा वेग जुळवून तिथेच मुक्काम करणार असल्याने खड्ड्याच्या वाट्याला चारच ठिपके येण्याची वेळ तिच्यावर येणार नाही. तिची चित्रे वर्तमानपत्रात येतील तेव्हा वाचकांनी आधी काठाकडे पाहावे. काठ लोणारसारखा उभा आणि तळ खोल दिसला तर खालची जमीन आवळलेली आहे. काठ ढासळलेला आणि पसरट असेल तर ती सैल आहे. आणि काही संगणकीय गणितांनी वर्तवल्याप्रमाणे निराळा खड्डा मुळीच सापडला नाही, उलट सगळ्या लघुग्रहाचाच आकार बदललेला दिसला, तर तो दगड नसून केवळ एकमेकांना टेकून राहिलेल्या दगडगोट्यांचा ढीग होता, असे समजावे. तीही चित्रे आम्ही भिंतीवर लावणार आहोत, डार्टने धडकेआधी काढलेल्या शेवटच्या चित्रांच्या शेजारी, आणि खड्डा कोठे आहे हे आधी आजोबांनाच शोधायला सांगणार आहोत.